सुटं होणारं सागवानी वर्कबेंच: प्रकल्प नोंदी

१ फेब्रुवारी: आराखडा

पुण्या-मुंबईत भाड्याच्या घराचा करार बहुधा ११ महिन्यांचा. जड वर्कबेंच बांधायचं आणि दर एक-दोन वर्षांनी ते जिन्यातून उतरवायचं, हे गृहीत धरूनच मापं ठरवली. तीन अटी ठेवल्या. कुठलाही भाग एका माणसाला उचलता यावा. कुठलाही भाग १५०० मिमीपेक्षा लांब नसावा, म्हणजे अरुंद जिन्याच्या वळणावर तो उभा करून फिरवता येतो. आणि सगळे बोल्ट एकाच पान्याने सुटावेत.

बाक १५०० मिमी लांब, ५५० रुंद, ८२० उंच. उंची हाताच्या रंध्यासाठी ठरवली आहे: सरळ उभं राहून हात खाली सोडला की मुठीची हाडं जिथे येतात, साधारण तिथे माथा (बाकाचा वरचा पृष्ठभाग) हवा. आपला पारंपरिक सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करतो. त्या बैठकीत शरीराचं वजन आपोआप लाकडावर येतं. उभ्याने काम करताना ती पकड बाकाला द्यावी लागते, म्हणून उंची चुकली की पाठ आणि खांदे लगेच सांगतात.

जे सुटं होण्याची गरज नाही ते सुटं करायचंच नाही, हा या आराखड्याचा पाया. दोन्ही बाजूंच्या चौकटी (दोन पाय आणि दोन आडपट्ट्या) सरसाने आणि खुंट्यांनी कायमच्या जोडायच्या. सुटे सांधे फक्त दोन ठिकाणी: चौकटी जोडणाऱ्या दोन लांब दांड्यांच्या टोकांना चार, आणि माथा चौकटीवर बसतो तिथे चार. बाजारातली सुटी टेबलं डुगडुगतात याचं मोठं कारण म्हणजे त्यांचा प्रत्येक सांधा सुटा असतो आणि प्रत्येकातली थोडी थोडी ढिलाई एकत्र होऊन माथ्याशी येते.

पाचरीचा सांधा (कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ, पायातून आरपार काढून बाहेर पाचर मारायची) सुंदर असतो आणि पाना लागत नाही. इथे तो घेतला नाही. पाचरीच्या भोकापुढे कुसवाचं निदान ७०–८० मिमी लाकूड शिल्लक राहावं लागतं, नाहीतर पाचर ठोकताना ते शेवटचं लाकूड तंतूंच्या दिशेने उडून जातं. ती लांबी दोन्ही टोकांना चालताना पायांत अडकते. शिवाय जुन्या लाकडात नेमक्या त्या जागी खिळ्याचं जुनं भोक निघालं तर सांधा गेला. म्हणून १२ मिमी बोल्ट आणि आडवा नट (लाकडात आडवा घातलेला गोल नट, ज्यात बोल्ट फिरतो).

९ फेब्रुवारी: लाकूड

पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून वाड्यातल्या जुन्या कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) सागवानी कड्या घेतल्या. जुनं लाकूड घेण्याचं कारण किंमत नाही. ते अनेक वर्षांचे उन्हाळे-पावसाळे पाहून स्थिर झालेलं असतं आणि त्यात बहुतेक गाभ्याचाच भाग असतो.

लागलेलं लाकूड असं. माथ्यासाठी ३ × ४ इंची कड्या, ५ फूट ३ इंचांच्या ६. पायांसाठी तीच जाडी, २ फूट ९ इंचांचे ४ तुकडे. चौकटींच्या आडपट्ट्यांसाठी तीच जाडी, १ फूट १० इंचांचे ४. लांब दांड्यांसाठी २ × ५ इंची, ३ फूट ९ इंचांचे २. हिशेबाने हे पावणेपाच घनफुटांच्या आत बसतं. तासणी, गाठी आणि टोकांच्या चिरा धरून साडेपाच घनफूट घ्यावं.

निवडताना कडी जमिनीवर ठेवून एका टोकाने दाबून बघावी. डुलली तर पीळ आहे. थोडा वाकडेपणा रंध्याने निघतो. पीळ काढताना मात्र ४ इंचांची कडी ३ इंचांवर येते. कडेला पांढरा भाग असेल आणि त्यात टाचणीएवढी भोकं असतील तर ठोकून पाहावं. ताजी पिठूळ भुकटी पडली म्हणजे भुंगा आत जिवंत आहे, ती कडी सोडून द्यावी. भिंतीत गाडलेलं टोक हमखास कुजलेलं किंवा वाळवीने पोखरलेलं असतं, तेवढा सहा-आठ इंचांचा भाग मोजमापात धरूच नये.

१६ फेब्रुवारी: खिळे आणि सफाई

रंधा मशीनवर नेण्याआधी लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक बाजूवरून सावकाश फिरवला. सागात लोखंडाभोवती काळा डाग पडतो, त्यामुळे डोकं तुटून आत राहिलेला खिळाही डागावरून सापडतो. डाग दिसला की पातळ पटाशीने (सुताराच्या छिन्नीने) भोवतीचं लाकूड उकरून पकडीने खिळा सरळ वर ओढायचा. बाजूला वाकवला तर तुटतो आणि अर्धा आतच राहतो.

चुना आणि तैलरंगाचे थर आधी तारेच्या ब्रशने आणि जुन्या पटाशीने खरवडले. चुन्याखाली रेती असते, ती पात्याची धार मिनिटांत घालवते. सागाच्या अंगातही सिलिका असते, म्हणून पाती कार्बाइडची असतील तर बरं. खरवडताना नाकावर मास्क हवाच. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं.

मशीनवरून कड्या ६५ × ८८ मिमीवर आणल्या, दांडे ४५ × १२० वर. लगेच कापायला घेतल्या नाहीत. आतलं लाकूड उघडं पडलं की ते थोडं हलतं, त्यामुळे मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळती ठेवून आठवडाभर रचून ठेवल्या.

२ मार्च: चौकटी

पाय ७५५ मिमी लांब. पायाची ८८ची बाजू बाकाच्या लांबीच्या दिशेने, ६५ची समोरून मागे. आडपट्ट्या ४२० मिमी, अधिक दोन्ही टोकांना ४५ मिमीचं कुसू. म्हणजे एकूण ५१०. कुसवाची जाडी २२ मिमी, खोबण ४७ मिमी खोल. खोबणीच्या तळाशी ते २ मिमी मोकळे हवेत. तिथे सरस साठला आणि कुसू तळाला टेकलं तर खांदा (कुसवाच्या मुळाशी उरलेली सपाट कड) पायाला चिकटतच नाही. मग सांधा वरून घट्ट दिसतो, प्रत्यक्षात हलतो.

वरच्या आडपट्टीचं कुसू ६० मिमी उंचीचं ठेवलं आणि पायाच्या माथ्याकडे खोबण बंद ठेवली. खोबण वरून उघडी राहिली तर ठोकताना पायाचं तोंड फाटतं.

खुंट्या बाभळीच्या, १० मिमी, सरळ तंतूंच्या. करवतीने कापलेल्या नव्हे, चिरून काढलेल्या, कारण कापलेल्या खुंटीत तंतू तिरके राहतात आणि ती आतच मोडते. पायातलं भोक आधी पाडलं. मग कुसू आत घालून त्यावर भोकाची खूण केली, बाहेर काढलं आणि कुसवातलं भोक त्या खुणेपेक्षा दीड मिमी खांद्याच्या बाजूला सरकवून पाडलं. खुंटी आत जाताना खांदा पायावर खेचते. सागाला दीड मिमी पुरे. त्याहून जास्त ठेवलं तर कुसवाचं टोक फाटतं. खुंटीच्या टोकाला लांब निमुळतं केलं नाही, तर ती त्या सरकवलेल्या भोकाच्या काठावर अडून फुटते.

साग तेलकट लाकूड. ताज्या तासलेल्या पृष्ठावर, थिनरच्या फडक्याने पुसून, ते उडून गेल्यावरच सरस लावावा. पाण्याला टिकणारा पांढरा सरस वापरला. मार्चमध्ये दुपारी त्याच्यावर काही मिनिटांतच साय धरते, म्हणून जोडणी सकाळी लवकर. क्लॅम्प लावल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. फरक असेल तर क्लॅम्प थोडा तिरका केला की चौकट काटकोनात येते. सरस धरल्यावर काही करता येत नाही.

१० मार्च: लांब दांडे आणि बोल्ट

बाकाचा ठामपणा इथे ठरतो, म्हणून ही नोंद लांब.

दोन्ही चौकटींचं बाहेरून बाहेर अंतर १२०० मिमी, म्हणजे पायांच्या आतलं अंतर १०२४. दांड्याच्या प्रत्येक टोकाला १५ मिमीचं आखूड कुसू, एकूण लांबी १०५४. हे कुसू भार पेलायला आणि दांडा फिरू नये म्हणून. खेचण्याचं काम बोल्टचं. दोन्ही कामं बोल्टवर टाकली की बोल्ट भोकाच्या कडा चिरडतो आणि वर्षभरात भोक लंबगोल होतं.

दांडा १२० मिमी उंच का? बाकाला लांबीच्या दिशेने ढकललं की दांड्याचा खांदा एका काठावर दाबला जातो आणि दुसऱ्या काठावर उघडू पाहतो. बोल्ट मध्यावर आहे, म्हणजे काठापासून ६० मिमीवर. दांडा ६० मिमी उंच असता तर हे अंतर ३० राहिलं असतं आणि त्याच धक्क्याला बोल्टवर दुप्पट ओढ आली असती. लाकूड वाचवायचं तर जाडीत वाचवा, दांड्याच्या उंचीत वाचवू नका.

आडवे नट बाजारात या मापात सहज मिळत नाहीत. लेथवाल्याकडून २५ मिमीच्या गोल सळईचे ३६ मिमीचे ८ तुकडे कापून घेतले. प्रत्येकाच्या मध्यावर आडवं भोक पाडून १२ मिमीचे आटे (थ्रेड), आणि एका तोंडावर स्क्रूड्रायव्हरसाठी खाच. ही खाच आट्यांच्या दिशेला समांतर हवी. नट आत गेल्यावर आटे कुठे तोंड करून आहेत ते फक्त तिच्यावरूनच कळतं.

बोल्टचं गणित असं: पाय ८८ मिमी, त्यात बाहेरून १५ मिमी खोल आणि ४० मिमी व्यासाचं डोक्याचं भोक, उरलं ७३ मिमी लाकूड. खांद्यापासून नटाच्या मध्यापर्यंत ७५. वायसर (वॉशर) ४ मिमी. बेरीज १५२, म्हणून १६० मिमीचा बोल्ट: टोक नटाच्या मध्यापुढे ८ मिमी जातं आणि २० मिमीच्या वर आटे पकडतात.

भोकांचा क्रम महत्त्वाचा. पायात आधी ४० मिमीचं डोक्याचं भोक, मग त्याच्याच मध्यखुणेवर १३ मिमीचं आरपार. उलटं केलं तर मोठ्या बिटाला मध्य धरायला लाकूडच उरत नाही. दांड्यात आधी २५ मिमीचं नटाचं भोक आतल्या बाजूने ४०.५ मिमी खोल. बोल्टची रेघ ४५च्या मध्यावर म्हणजे २२.५वर आहे, नटाची अर्धी लांबी १८, बेरीज ४०.५. नट तळाला टेकला की आटे बरोबर रेघेवर येतात. नंतर दांडा पायात बसवून, पायाच्या भोकातून बिट घालून दांड्याच्या टोकावर खूण, आणि तिथून १३ मिमीचं भोक, खांद्यापासून मोजून ९५ मिमी खोल. नटापुढची जास्तीची खोली आवश्यक आहे. टोक लाकडाला टेकलं तर बोल्ट घट्ट झाल्याचा भास होतो आणि खांदा उघडाच राहतो.

टोकाच्या लाकडात बिट कठीण वलयाकडून मऊ वलयाकडे सरकतं. एक-दीड मिमी चुकलं तर भोक गोल कानशीने त्या बाजूला थोडं लांबवावं. बोल्ट तिरका नटात जबरदस्तीने फिरवू नये. पहिल्या दोन फेऱ्यांना बोल्ट हाताने फिरलाच पाहिजे.

प्रत्येक सांधा आपल्याच जोडीत बसतो, दुसऱ्या कोपऱ्यात नाही. म्हणून पायावर आणि दांड्यावर आतल्या बाजूने पटाशीच्या खाचा: एक, दोन, तीन, चार. पेन्सिलीची खूण पहिल्या हलवाहलवीतच पुसली जाते.

२४ मार्च: माथा

माथा एकसंध नाही. २६० मिमी रुंदीचे दोन पाट, मध्ये ३० मिमी फट. प्रत्येक पाट ६५ × ८८च्या ३ कड्या शेजारी शेजारी चिकटवून. चिकटवताना तिन्ही कड्यांचे तंतू एकाच दिशेने चढतील असं बघितलं, नाहीतर नंतर रंधा एका पट्टीवर गुळगुळीत चालतो आणि शेजारच्या पट्टीचे तंतू उपटतो. एका पाटाचं वजन साधारण साडेसोळा किलो. एकच माथा केला असता तर तो पस्तीस किलोंच्या आसपास गेला असता, जिन्यात एकट्याला न झेपणारा.

फटीचं दुसरं कारण ऋतू. साग ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडा होईपर्यंत वलयांच्या दिशेने ५.८ टक्के आणि गाभ्याकडून बाहेर २.५ टक्के आकसतो. इतर लाकडांच्या मानाने हे कमीच. तरी पुण्यासारख्या घाटावरच्या भागात लाकडातला ओलावा उन्हाळ्यात ८ टक्क्यांच्या आसपास असतो आणि पावसाळ्यात १४च्या. ६ टक्क्यांच्या या फरकात २६०चा पाट सव्वा ते तीन मिमी रुंद होतो. दोन्ही मिळून सहापर्यंत. हा फुगवटा कुठे जाणार ते आपण ठरवायचं. पुढच्या पाटाची पुढची कड आणि मागच्याची मागची कड २५ मिमीच्या घट्ट खुंट्यांनी चौकटीशी बांधली. बोल्ट फटीच्या बाजूला, आणि आडपट्टीत त्यांची भोकं १३ × २० मिमीची लांबट. पाट फुगले की फट कमी होते, बाकाची पुढची कड मात्र पायांच्या सपाटीतच राहते. लांब फळी उभी धरून पायाला आवळायची असते, तेव्हा ही सपाटी लागते.

या चार बोल्टचे आडवे नट फटीकडच्या बाजूने पाटात घातले. फटीच्या कडेपासून बोल्टची रेघ ३० मिमी आत, भोक ४८ खोल, खालच्या पृष्ठापासून मध्य ३२ मिमीवर. आडपट्टीत खालून ३० मिमी खोल, ४८ मिमी व्यासाचं डोक्याचं भोक, वायसर ४० मिमीचं. बोल्ट १०० मिमीचा. टोक माथ्याच्या पृष्ठापासून पंचवीसेक मिमी खाली थांबतं, म्हणजे पुढे कितीही वेळा माथा रंधून सपाट केला तरी पातं लोखंडाला लागत नाही.

फटीतली पट्टी २२ मिमी जाड, ७७ मिमी उंच. ३०च्या फटीत ३०ची पट्टी घट्ट बसवली तर जुलैमध्ये ती पाटांना बाहेर ढकलून खुंट्या मोडेल. पट्टीच्या एका कडेला, आडपट्ट्यांवर टेकते तिथे, १२ मिमीच्या खाचा. खाचा खाली ठेवल्या की पट्टी माथ्याच्या सपाटीत. उलटी केली की १२ मिमी वर येते आणि आडवा रंधा मारताना लाकूड अडवते.

६ एप्रिल: जुळणी आणि चाचणी

क्रम: चौकटी उभ्या, दांडे आत, चारही बोल्ट फक्त हाताने. मग बाक थोडं हलवून चारही पाय फरशीला टेकू द्यायचे. मग दोन्ही पाट खुंट्यांवर. मग खालचे बोल्ट पूर्ण, शेवटी माथ्याचे. खालचे बोल्ट आधीच आवळले तर फरशीचा उंचसखलपणा पीळ बनून चौकटीत अडकतो आणि माथा सपाट रंधला तरी नंतर बदलतो. शहाबादी फरशीवर एक पाय वर राहिलाच तर चामड्याचा तुकडा. पाय कापून बसता करू नये, पुढच्या घराची फरशी वेगळी असते.

१२ मिमीच्या बोल्टना १८ आणि १९ दोन्ही मापांची डोकी बाजारात मिळतात. आठही एकाच मापाचे घ्यावेत, म्हणजे एक गोटी पाना आणि एक्स्टेन्शन पुरतं.

चाचणीला सामान तोलायचा हुकाचा काटा माथ्याच्या टोकाला अडकवून लांबीच्या दिशेने २० किलोंची ओढ दिली आणि भिंतीला टेकवलेल्या पट्टीवर सरक पाहिली. सरक १ मिमीच्या आत हवी, आणि ओढ सोडल्यावर माथा जागेवर परत यायला हवा. परत आला नाही तर सांध्यात पोकळी आहे: खांद्यात कागदाचा कपटा सरकतो का ते पाहावं आणि जिथे सरकत नाही तो उंच भाग पटाशीने घ्यावा. बोल्ट आणखी आवळून पोकळी जात नाही, फक्त वायसरखालचं लाकूड चिरडतं.

पूर्ण बाक सुमारे ६४ किलो. जोरात रंधा मारायला हे थोडं कमीच. खालच्या दांड्यांवर सुट्या फळ्या टाकून त्यावर हत्यारांची पेटी ठेवली की प्रश्न मिटतो, आणि घर बदलताना ते वजन वेगळं जातं.

१३ एप्रिल: तेल

माथ्याला जवसाचं उकळलेलं तेल, दोन हात, वर आणि खाली सारखंच. फक्त वरून लावलं तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतात आणि पाट वाकतो. पॉलिश किंवा मेलामाइन नको, लाकूड घसरतं. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. आखूड कुसवांना मेणबत्ती घासली, बोल्टना ग्रीस लावलं. किनाऱ्याजवळ, रत्नागिरी किंवा गोव्यात, जस्ताचा मुलामा लवकर जातो. तिथे ३०४ स्टेनलेसचे बोल्ट-नट घ्यावेत, पण ग्रीस न विसरता, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस जाम होतं.

२८ जुलै: पावसाळी तपासणी

फट ३० वरून २६ मिमीवर. पुढची कड पायांशी सपाट. बोल्ट नेहमीपेक्षा घट्ट लागतात. या दिवसांत ते अजिबात आवळू नयेत. पाय फुगल्याने लाकूड आधीच वायसरखाली दाबलेलं असतं. त्यावर आणखी आवळलं तर तंतू कायमचे बसतात आणि उन्हाळ्यात सांधा जास्तच ढिला होतो. ४० मिमी व्यासाची, ४ मिमी जाडीची वायसरं याचसाठी. बोल्टबरोबर मिळणारी पातळ वायसरं बशीसारखी वाकतात.

उन्हाळ्यात उलटं: ७३ मिमी लाकूड आकसून ०.४ ते ०.८ मिमी ढिलाई येते. १२ मिमीच्या बोल्टच्या एका फेऱ्याला १.७५ मिमी, म्हणजे होळीनंतर एकदा पाव ते अर्धा फेरा. स्प्रिंग वायसरने एवढी ढिलाई भरून निघत नाही.

कोकणात बांधायचं तर तिथलं लाकूड वर्षभर दमटच राहतं, त्यामुळे फट २० मिमी चालते आणि पट्टी १६ची. पण तेच बाक पुढे सोलापूर किंवा नागपूरला नेलं तर पाट आकसून फट वाढेल आणि पट्टी खुळखुळेल. दोन जाडींच्या पट्ट्या करून ठेवाव्यात.

९ नोव्हेंबर: सुटं करून हलवणं

उलट्या क्रमाने: आधी व्हाइस (पाटाला लावलेला, लाकूड आवळून धरणारा शिकंजा), मग माथ्याचे बोल्ट, पाट सरळ वर उचलून (तिरपा उचलला तर खुंटी मोडते), मग दांडे. दांडा निघत नसेल तर पायावर लाकडी ठोकळा धरून हातोडीचा टोला, दांड्यावर नाही. व्हाइस पाटालाच ठेवून नेला तर पाट एका टोकाला जड होतो आणि जिन्यात हातातून फिरतो.

आडवे नट भोकातच ठेवून वर चिकटपट्टी. बोल्ट-वायसरं एका डब्यात, पाना त्याच डब्यात. छोट्या हत्तीच्या (टाटा एस टेम्पोच्या) हौद्याची लांबी सातेक फूट असते, पाट सहज मावतात. ते आडवे न ठेवता कडेवर उभे, मध्ये गोणपाट घालून, पुढच्या भिंतीला बांधून. चौकटी एकमेकींत तोंडाला तोंड. नव्या घरात पाट पहिले दोन-तीन दिवस भिंतीपासून सुटे उभे ठेवावेत, नंतर जुळणी, आणि आठवड्याने माथ्यावर सरळ पट्टी आडवी आणि कर्णात धरून पाहावी. कुठे अर्ध्या मिमीपेक्षा जास्त उजेड दिसला तर आधी खालचे चार बोल्ट सोडून पाय पुन्हा टेकू द्यावेत. रंधा त्यानंतर.